भटकळ : एका गावाचे आडनाव कसे झाले



या व्याख्यानमालेत आजवर इतिहासावर बोलायला आलेली माणसे इतिहासाची होती. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. चाळीस वर्षे लोकांची नाडी पाहण्यापेक्षा त्यांचे बोलणे ऐकण्यातच माझा वेळ जास्त गेला. म्हणून आज जे मांडणार आहे ते एखाद्या रुग्णाची हकीकत मांडावी तसे मांडणार आहे. रुग्ण म्हणजे आपल्याच उत्तर कन्नड जिल्ह्यातले एक गाव आहे, आणि त्याला झालेला आजार वर्तमानपत्रातून लागलेला आहे.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी दोन पिढ्यांपासून मराठी पुस्तके आहेत त्यांनी आपले कपाट आठवावे. धारवाडच्या जी. ए. कुलकर्णींची पुस्तके ज्या पॉप्युलर प्रकाशनाने काढली, ते भटकळ कुटुंबाचे. गणेश भटकळांनी १९२४ साली मुंबईत पॉप्युलर बुक डेपो सुरू केला. पुढे रामदास भटकळांनी मराठी प्रकाशनाची बाजू नावारूपाला आणली. आमच्या घरी निपाणीला ‘भटकळ’ म्हटले की वडिलांच्या डोळ्यांसमोर पुस्तकच येई. ते मूळ भटकळ गावचे सारस्वत, म्हणून आडनाव भटकळ, इतके साधे प्रकरण होते. आज एखाद्या पंचवीस वर्षांच्या मराठी मुलाला विचारा, भटकळ म्हणजे काय? तो पुस्तकाचे नाव घेणार नाही.

गावाच्या नावाला काहीतरी चिकटतेच, हे आपल्याला कोणी सांगायला नको. अणशीचा माणूस बेळगावला गेला की पहिला प्रश्न, ‘वाघ दिसतो का हो?’ काळा बिबट्या अंगणात येऊन बसतो अशीच लोकांची समजूत. सुपे म्हटले की धरण, आणि सुप्याचा माणूस रामनगरला कितीही वर्षे राहिला तरी धरणग्रस्त. यात थोडी चिडचीड होते, थोडी गंमत वाटते, आणि आपण सोडून देतो. वाघ आपल्याला कोणी लॉजची खोली नाकारायला लावत नाही.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला आवडत नाही.

२०१३ चा सप्टेंबर. त्याआधी थोड्याच दिवसांपूर्वी, २८ ऑगस्टला, यासीन भटकळ याला नेपाळच्या सीमेवर अटक झाली होती, आणि वर्तमानपत्रांत व टीव्हीवर दुसरा विषय नव्हता. मी बेळगावहून पुण्याला बसने निघालो होतो. हातात एक कापडी पिशवी. भटकळच्या एका कापड दुकानातून पूर्वी कधीतरी पत्नीने साड्या घेतल्या होत्या, त्यांची. पिशवीवर इंग्रजी अक्षरांत दुकानाचे नाव आणि खाली ठळक ‘भटकळ’. पिशवीत माझ्या औषधांच्या बाटल्या, काचेच्या, त्यात पांढऱ्या गोळ्या. शेजारच्या गृहस्थांनी पिशवी वाचली, मग मला वाचले. मला तेव्हा दाढी होती. दाताच्या दुखण्यामुळे महिनाभर वाढलेली. कोल्हापूरला बस थांबली तेव्हा ते कंडक्टरशी काही बोलले, आणि कंडक्टर येऊन म्हणाला, ‘साहेब, पिशवीत काय आहे?’

मी काय केले? मी घाईघाईने म्हणालो, ‘मी जैन आहे. डॉक्टर आहे. जोयड्याला दवाखाना आहे.’ आणि लगेच सगळ्यांचे चेहरे सैल झाले. गृहस्थांनी माफी मागितली, पुढे सातारपर्यंत आम्ही मधुमेहावर बोललो. पण ‘पिशवीत औषधे आहेत’ हे उत्तर पुरेसे होते. ते मी आधी दिले नाही. मी आधी जात दाखवली, जणू पिशवी भटकळच्या एखाद्या नवायत माणसाची असती तर कंडक्टरचा संशय रास्तच ठरला असता. ही हकीकत मी पुष्कळ वर्षे कोणाला सांगितली नव्हती.

आता गावाचा पूर्वेतिहास. आमच्या पद्धतीत रुग्णाची जुनी दुखणी विचारल्याशिवाय औषध काढत नाहीत.

इब्न बतूता चौदाव्या शतकाच्या चाळिशीत या किनाऱ्याने गेला. होन्नावरबद्दल (तो त्याला हिनौर म्हणतो) त्याने जे लिहून ठेवले आहे ते आजच्या वाचकाला चक्रावून टाकील. गावात मुलींच्या तेरा शाळा आणि मुलांच्या तेवीस. बायकांना कुराण मुखोद्गत. आणि त्या बायका शिवलेले कपडे घालत नाहीत. न शिवलेले लांब वस्त्र, त्याचे एक टोक कमरेला गुंडाळलेले आणि बाकीचे डोक्यावरून व छातीवरून घेतलेले. म्हणजे साडी, नाकात सोन्याची चमकी, आणि तोंडात कुराण. तिथला सुलतान जमालुद्दीन एका हिंदू राजाचा मांडलिक होता हेही तो सांगतो. इब्न बतूता काही कोऱ्या मनाचा प्रवासी नव्हता. त्या राजाचा उल्लेख तो ‘काफिर’ म्हणूनच करतो. पण त्याने शाळा मोजल्या. हे मोजणे मला महत्त्वाचे वाटते.

नवायत हे अरब, इराणी व्यापारी आणि इथल्या माणसांच्या शतकानुशतकांच्या सोयरिकीतून झालेले लोक. घरात नवायती बोलतात, ती कोकणीचीच एक बोली, फारसी-अरबी शब्द मिसळलेली. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात कोकणी आहे त्यांनी भटकळच्या बाजारात दहा मिनिटे उभे राहून पाहावे, अर्धे तरी कळेल. धर्माने ते शाफई पंथाचे, कोकणातल्या मुसलमानांसारखे.

सोळाव्या शतकात भटकळ गेरसोप्प्याच्या राज्याचे बंदर होते. हे राज्य जैनांचे. तिथल्या राणी चन्नभैरादेवीला पोर्तुगीज ‘मिऱ्याची राणी’ म्हणत, कारण मिऱ्याचा सगळा मुलूख तिच्या हातात. भटकळला चंद्रनाथेश्वराची बसदी अजून उभी आहे. मी तिथे दर्शनाला जातो तेव्हा सगळीकडे दगडाची ती उतरती छपरे पाहून आमच्याकडची पावसाळी घरे आठवतात. गावातले खेतपै नारायणाचे देऊळही त्याच सुमाराचे. जैन राणी, वैष्णव देऊळ बांधणारा सारस्वत व्यापारी आणि होर्मुझहून घोडे आणणारे मुसलमान व्यापारी असे हे एक बंदर. १५१६ च्या सुमारास दुआर्ते बार्बोझा हा पोर्तुगीजच लिहितो की भटकळला मूर आणि हिंदू असे दोन्ही बडे व्यापारी आहेत, तिथून साखर जाते, तांदूळ जातो. त्यांचे एकमेकांवर प्रेम होते की नाही हे कोणी लिहून ठेवलेले नाही. हिशेब मात्र एकत्र होते.

‘मूर’ या शब्दाकडे जरा पाहा. पोर्तुगालवर ज्या उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमानांनी राज्य केले, त्यांना पोर्तुगीज मूर म्हणत. तो शब्द जहाजात घालून ते हिंदुस्थानात आले, आणि किनाऱ्यावर जो जो मुसलमान दिसला त्याला तोच शब्द चिकटवला. स्पॅनिश लोक तोच शब्द घेऊन फिलिपाइन्सला गेले. तिथल्या मुसलमानांना अजून ‘मोरो’ म्हणतात. होन्नावरचा साडीतला मुसलमान, होर्मुझचा घोडेवाला, मोरोक्कोचा शिपाई, सगळ्यांना एकच शब्द. एकदा शब्द एक झाला की शिक्षाही एक करता येते. १५०२ मध्ये वास्को द गामाने भटकळला धाक घालून तांदळाची खंडणी लावली. १५१० मध्ये गोवा जिंकल्यावर आफोन्सो द अल्बुकर्कने २२ डिसेंबरला आपल्या राजाला पत्र लिहिले. सहा हजारांवर मुसलमान मारल्याचे त्यात अभिमानाने सांगितले आहे. त्या पत्राला मी पश्चिमेतली या किनाऱ्याबद्दलची एक जुनी बातमीच म्हणेन : लांबच्या वाचकासाठी लिहिलेली, आणि त्या वाचकाला जे ऐकायला आवडेल ते सांगणारी. या मोहिमेत त्याचा जोडीदार होन्नावरचा तिमय्या होता, हे आपण विसरू नये. १५४२ मध्ये पोर्तुगीजांनी भटकळवर हल्ला करून ते लुटले, जाळले, आणि तेव्हा राज्य जैन राणीचे होते. जळताना कोणाचे घर कोणत्या धर्माचे, हे आगीने विचारले नसावे.

मधली तीनशे वर्षे मी सोडून देतो. बंदर गाळाने आणि राजकारणाने लहान होत गेले. १८६२ मध्ये आपला जिल्हा मद्रासकडून मुंबई इलाख्यात आला, त्यामुळे मराठी शाळा आल्या, आपली घराणी आली. १९१९ मध्ये भटकळला अंजुमन ही शिक्षणसंस्था निघाली. तरुण मुंबईला, मद्रासला, कोलंबोला आणि नंतर दुबईला गेले. दुकाने काढली, पैसा आला, मोठी घरे झाली. भटकळची मल्लिगे, म्हणजे तिथला मोगरा, लग्नाला हवाच. गावच्या हनुमंताच्या रथोत्सवाला नवायत घराण्यांना जाऊन मानाचे आमंत्रण देण्याची जुनी रीत आहे.

आणि आता आजाराची सुरुवात. मी काही लपवणार नाही. १९९३ मध्ये भटकळला दंगल झाली, ती महिनोन्‌महिने धुमसत राहिली, माणसे मेली. १० एप्रिल १९९६ ला तिथले आमदार डॉ. चित्तरंजन यांचा त्यांच्या घरात गोळ्या घालून खून झाला. ते माझ्याच व्यवसायातले. ती बातमी मी दवाखान्यात ऐकली आणि त्या दिवशी पुढचे रुग्ण तपासवले नाहीत. नंतर इंडियन मुजाहिदीन. पुण्याच्या जर्मन बेकरीत १३ फेब्रुवारी २०१० ला स्फोट झाला, सतरा माणसे गेली. हे कोणी वर्तमानपत्रवाल्यांनी रचलेले नाही. ज्यांचे मूल त्या बेकरीत गेले त्यांच्यासमोर उभे राहून मी ‘माध्यमांनी अन्याय केला’ असे म्हणू शकणार नाही.

पण नावाचे काय झाले ते पाहा. ज्याला आपण यासीन भटकळ म्हणतो त्याचे घरचे नाव अहमद सिद्दीबापा. रियाझचे आडनाव शाहबंदरी. शाहबंदर म्हणजे बंदराचा अधिकारी. जकात पाहणारा, तंटे मिटवणारा. त्या पदावरून पडलेले हे आडनाव. म्हणजे त्या घराण्याच्या नावातच भटकळचा चारशे-पाचशे वर्षांचा व्यापार बसलेला आहे. पोलिसांच्या कागदांत टोपणनाव म्हणून ‘भटकळ’ आले, बातमीदाराने ते उचलले, मथळा लिहिणाऱ्याला ते सोयीचे वाटले, कारण चार अक्षरांचे आहे. मग पहिले नाव गळाले. ‘भटकळ कोठडीत’, ‘भटकळची चौकशी’, ‘भटकळला फाशी’. रोज सकाळी चहाबरोबर एका तालुक्याच्या गावाला फाशी होत होती, आणि मराठी वाचक ते वाचत होता. त्या गावात राहणाऱ्या मुसलमानाला, आणि सारस्वताला, नामधाऱ्याला, कोळ्याला, जैनालासुद्धा, गावाचे नाव सांगताना घसा खाकरावा लागू लागला. आझमगढचे २००८ नंतर असेच झाले. त्याचे तर यमकच करून टाकले.

माझ्याकडे एक नवायत बाई येत. दांडेलीला मुलाकडे राहायला आल्या की सांधेदुखीसाठी येत. केसपेपरवर गाव विचारले तर म्हणाल्या, ‘होन्नावरकडचे लिहा.’ मी म्हटले, तुम्ही भटकळच्या ना? त्या हसल्या. म्हणाल्या, डॉक्टर, मुलीच्या सोयरिकीसाठी बंगळूरहून पाहुणे यायचे होते, तेव्हापासून सवय लागली.

हा आजार आपल्याकडचाच आहे असे मात्र नाही. पश्चिमेत तो आपल्याआधी बराच मुरलेला होता. ब्रॅडफर्डची गोष्ट घ्या. सलमान रश्दींच्या कादंबरीविरुद्ध इंग्लंडमधल्या बोल्टन गावी २ डिसेंबर १९८८ ला हजारो मुसलमान जमले, पुस्तक जाळले. कोणी फारशी दखल घेतली नाही. १४ जानेवारी १९८९ ला ब्रॅडफर्डला तेच झाले, पण तिथे छायाचित्र निघाले आणि ते जगभर गेले. तेव्हापासून ब्रॅडफर्ड हे गाव न राहता विशेषण झाले. बोल्टन वाचले, फक्त कॅमेऱ्याच्या गैरहजेरीने. (पुस्तक जाळणे मला दोन्ही गावांत सारखेच वाईट वाटते.) पॅरिसच्या नोव्हेंबर २०१५ च्या हल्ल्यांनंतर ब्रुसेल्समधल्या मोलेनबेकचे असेच झाले. हल्लेखोरांपैकी काही तिथले होते हे खरे. पण तिथे सुमारे एक लाख माणसे राहतात.

आणि बर्मिंगहॅम! माझी भाची तिथे नोकरीला आहे. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या फॉक्स न्यूजवर एका तज्ज्ञाने सांगितले की बर्मिंगहॅम पूर्णपणे मुस्लिम शहर आहे, बिगरमुस्लिम तिथे जातच नाहीत. २०११ च्या जनगणनेत तिथले मुसलमान सुमारे बावीस टक्के. इंग्लंडचे पंतप्रधान कॅमेरून म्हणाले की हे ऐकून सकाळची पेज माझ्या घशात अडकली. वाहिनीने माफी मागितली. पण भाचीच्या आईला बेळगावहून फोन आले ते माफीच्या आधीच्या बातमीवरून. माफीवरून एकही फोन आला नाही.

निदान आधी आणि तपासणी नंतर, हा यातला मूळ दोष. १९ एप्रिल १९९५ ला अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत स्फोट झाला, १६८ माणसे गेली. पहिले दोन दिवस दूरचित्रवाणीवर मध्यपूर्वेतल्या लोकांचा संशय चालला. निघाला तो तिमथी मॅकव्हे, त्यांच्याच सैन्यातला माजी शिपाई. २२ जुलै २०११ ला नॉर्वेत ७७ जणांची हत्या झाली. दुसऱ्या सकाळी लंडनच्या एका मोठ्या खपाच्या वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर अल-कायदाचे नाव होते. मारेकरी नॉर्वेचाच, आणि मुसलमानांचा द्वेष करणारा. हानेमानने ‘ऑर्गेनॉन’च्या सहाव्या सूत्रात वैद्याला अपूर्वग्रह निरीक्षक म्हटले आहे, आणि त्र्याऐंशीव्यात तेच पुन्हा मागितले आहे, चौऱ्याऐंशीव्यात सांगितले आहे की रुग्ण बोलत असताना त्याला मध्ये तोडू नका. आम्ही विद्यार्थी असताना ही सूत्रे परीक्षेपुरती पाठ करत असू. ती किती अवघड आहेत हे दवाखाना उघडल्यावर कळले. दारातून माणूस येताना दिसला की औषधाचे नाव मनात येते, आणि मग आपण तेच ऐकतो जे त्या औषधाशी जुळते. मीही चुकलेलो आहे, आणि माझ्या चुकीने एका कावीळ झालेल्या मुलाला हुबळीच्या इस्पितळात पोचायला दोन दिवस उशीर झाला. तो वाचला.

आणि ‘मी मुसलमान नाही’ हे उत्तर माझे एकट्याचे नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर चौथ्या दिवशी अमेरिकेत ॲरिझोनातल्या मेसा गावी बलबीरसिंग सोधी या शीख माणसाला त्याच्याच पेट्रोल पंपावर गोळी घातली गेली, पगडी आणि दाढी पाहून. तेव्हा तिथल्या पुष्कळांना वाटले, लोकांना सांगू या की आम्ही मुसलमान नाही. आणि शिखांपैकीच काहींनी विचारले, मुसलमान असता तर गोळी बरोबर होती का? बसमधल्या त्या दुपारी हा प्रश्न मला कोणी विचारला नाही, म्हणून मी सुटलो.

दोनच वर्षांनी पाळी माझ्यावर आली. सप्टेंबर २०१५ मध्ये मुंबई आणि मीरा-भाईंदरला पर्युषणात मांसविक्री बंदीचा वाद झाला. आठवडाभर टीव्हीवर ‘जैन’ म्हणून जो कोणी दिसत होता त्याला मी ओळखत नव्हतो. श्रीमंत, हटवादी, दुसऱ्याच्या ताटात डोकावणारा. आमच्या निपाणी-बेळगावकडचा जैन म्हणजे तंबाखू आणि ऊस पिकवणारा शेतकरी, त्याचा त्या वादाशी संबंध काय? दवाखान्यात एक मासे विकणारी बाई हसत म्हणाली, ‘डाक्टर, आता तुम्ही आमचा धंदा बंद करणार म्हणे!’ ती थट्टेने म्हणाली. मला दोन दिवस लागले ती थट्टा पचवायला. कोट्यवधी माणसांना ती वर्षानुवर्षे रोज पचवावी लागते.

मार्च २०२० मध्ये आपल्या जिल्ह्यातले पहिले कोरोना रुग्ण भटकळचे निघाले, दुबईहून परतलेले. दिल्लीच्या तबलिगी जमातीची बातमी त्याच सुमाराची. दोन्ही एकत्र झाले आणि इथल्या बाजारात भाजी विकणाऱ्या मुसलमानाकडून भाजी घेऊ नका असे निरोप फोनवर फिरू लागले. मलाही आले, सुशिक्षितांकडून आले. दुबईहून इतरही धर्मांची माणसे परतत होती, विषाणू पासपोर्ट पाहत नव्हता, पण बातमीला तेवढा धीर नव्हता. भटकळच्या रुग्णांवर कारवारला नौदलाच्या पतंजली इस्पितळात उपचार झाले, आणि ते बरे होऊन घरी गेले. ही बातमीही आली. आतल्या पानावर.

महाराष्ट्रात या प्रकरणाचा निकाल २१ ऑगस्ट २०२० ला लागला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, न्यायमूर्ती नलावडे आणि न्यायमूर्ती सेवलीकर यांनी, तबलिगीसाठी आलेल्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. साथ आली की सरकार बळीचा बकरा शोधते आणि या माणसांना तसे निवडले गेल्याचा संभव दिसतो, असे नलावडे यांनी लिहिले. छापील आणि दूरचित्रवाणी माध्यमांत या लोकांविरुद्ध मोठा प्रचार झाला हेही नोंदवले. निकालपत्र कोरडे असते म्हणतात. हे मी तीनदा वाचले. एखाद्या वैद्याने रोग्याच्या कागदावर लिहावे तसे ते लिहिलेले आहे : काय आढळले, काय आढळले नाही. नहार, दरेकर, कुलकर्णी, शेख, ज्यांच्या ज्यांच्या फोनवरून मार्चमध्ये ते निरोप आले होते, त्या माझ्या ओळखीच्या सगळ्यांना मी त्या निकालाची बातमी पाठवली. दोघांनी अंगठा दाखवला. शेखने विचारले, मला कशाला पाठवलीत? त्याचे बरोबर होते. त्याच्याकडून आलेला निरोप ‘आमच्याबद्दल असे फिरते आहे, पाहा’ असा होता. मी नीट वाचला नव्हता.

गेल्या वर्षी बसदीच्या दर्शनाला गेलो तेव्हा भटकळच्या त्या कापड दुकानात पुन्हा गेलो. म्हातारे मालक गेले, मुलगा बसतो. सुनेसाठी दोन साड्या घेतल्या. त्याने नव्या पिशवीत घालून दिल्या. पिशवी छान, जाड कापडाची, दुकानाचे नाव सोनेरी अक्षरांत, फोन नंबर. गावाचे नाव कुठेच नाही. मी विचारले, तर म्हणाला, पाच-सहा वर्षे झाली, घालत नाही. गिऱ्हाइकांना मुंबई-पुण्याला जावे लागते. मग माझ्या काखेतल्या जुन्या पिशवीकडे त्याचे लक्ष गेले. त्याने ती हातात घेतली, अक्षरांवरून बोट फिरवले आणि म्हणाला, ही अब्बांनी छापून घेतलेली. एखादी असेल तर द्याल का, आमच्याकडे एकही उरली नाही.

मी दिली. आज हे टिपण आणले ते नव्या पिशवीतून.